ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का? दोष शोधण्याची रीत

२०२४ च्या सुरुवातीला जगभरच्या गेमर मंडळींना एकच संदेश छळत होता. गेम सुरू केला की शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्याची पट्टी थोडी पुढे सरकायची आणि मग स्क्रीनवर यायचं की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. कार्डावर २४ जीबी मेमरी असली तरी हेच. साहजिकच संशय कार्डावर गेला. पण दोष होता प्रोसेसरमध्ये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे आतून झिजत होते आणि शेडरचा दाबून भरलेला डेटा उलगडताना चुकत होते. त्या चुकीचा अर्थ गेम 'मेमरी मिळाली नाही' असा लावत होता. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं, ऑगस्टपासून इंटेलने व्होल्टेज आवरणारे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर) दिले आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

कार्डाचा दोष शोधायला बसताना हे प्रकरण आठवावं. स्क्रीनवर जे दिसतं त्यावरून दोष कुठे उघड झाला एवढंच कळतं. तो सुरू कुठे झाला हे ठरवायला एक साधा प्रश्न सगळ्यात जास्त कामी येतो: बिघाड नेमका कधी दिसतो? बटण दाबल्याबरोबर, विंडोज चालू होताना, की गेम सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर?

हा प्रश्न कामी येतो, कारण कार्डाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी कामाला लागतात. मधोमध मुख्य चिप असते. तिच्याभोवती मेमरीच्या काळ्या चौकोनी चिपा असतात. एका बाजूला रांगेने राखाडी ठोकळे दिसतात, ते १२ व्होल्टचे सुमारे १ व्होल्ट करणाऱ्या सर्किटचे कॉइल. व्होल्टेज इतकं उतरलं की करंट तितकाच चढतो, त्यामुळे मध्यम कार्डातही या भागातून शंभर-दीडशे अँपिअर वाहतात. शिवाय आठ पायांची एक छोटी बायोस चिप असते. बटण दाबलं की फक्त बायोस, थोडी मेमरी आणि चित्र बाहेर पाठवणारा भाग जागा होतो. ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) चढला की पूर्ण मेमरी आणि थ्रीडीचं इंजिन कामाला लागतं. गेम सुरू झाला की वीज आणि उष्णता यांची परीक्षा होते. प्रत्येक टप्प्यावर संशयित बदलतात.

डिस्प्लेच येत नाही

पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर मात्र काळा. सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. ती मदरबोर्डाच्या पोर्टात असेल आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल, तर चित्र येणारच नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे ते आणि रायझन ५००० मधले 'जी' नसलेले प्रोसेसर या प्रकारचे. मग मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय ना ते पाहा, केबल बदला, कार्डावरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. डिस्प्लेपोर्टवर अडत असेल तर एकदा एचडीएमआय लावा.

हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) आणि बूट. व्हीजीएवर दिवा अडकून राहिला तर बोर्डाला कार्ड सापडत नाहीये किंवा त्याच्याशी बोलता येत नाहीये. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. खूप जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये यूईएफआयचा, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीचा, भाग नसतो. अशा वेळी बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीला साथ देणारी सेटिंग) बंद असेल तर कार्ड ठणठणीत असूनही हाच दिवा लागतो. कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती आधी काढा. जेन म्हणजे स्लॉटच्या वेगाची पिढी; जेन ३ ची रायझर आणि जेन ४ चं कार्ड हे 'नो डिस्प्ले'चं अगदी ठरलेलं कारण आहे. बोर्डाच्या सेटिंगमध्ये स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून जेन ३ वर आणला की बहुतेक वेळा चित्र येतं.

मग कार्ड काढून पुन्हा बसवा. एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, पॉवरची केबल काढा, कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, स्लॉटच्या टोकाची पट्टी दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढुरका थर दिसला तर तो गंज आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये हा हमखास सापडतो. दुकानात यावर सर्रास खोडरबर फिरवतात. त्याने काम होतं, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये उरतो आणि सोन्याचा पातळ मुलामा दरवेळी थोडा निघतो. त्याऐवजी ९० टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा. पुसता पुसता सोनेरी पट्ट्यांच्या वरच्या अंगाला असलेले तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर मोजून घ्या. कार्ड घाईने बसवताना कॅबिनेटच्या पत्र्याला घासून यातला एखादा तुटतो, आणि मग कार्ड १६ ऐवजी ८ किंवा ४ लेनवर (डेटाच्या समांतर वाटांवर) चालतं किंवा दिसतच नाही. बाकी सगळे असताना एकाच जागी दोन रिकामे चकचकीत ठिपके दिसले, तर तिथला भाग गेला आहे.

वीज पोहोचते का, हा पुढचा प्रश्न. स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, सहा पिनचा कनेक्टर ७५ आणि आठ पिनचा १५०. दोन आठ-पिन तोंडं असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबली आणाव्यात. एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं लावली तर पूर्ण भार एका केबलवर पडतो आणि लोडवर व्होल्टेज बसतं. मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखंच असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना मात्र कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलते. १२ व्होल्ट जमिनीच्या पिनेवर गेले की कार्ड, बोर्ड, हार्ड डिस्क सगळं एका क्षणात जातं.

२०२२ मध्ये आलेल्या सोळा पिनच्या नव्या कनेक्टरबाबत जास्त काळजी घ्या. आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच हे कनेक्टर वितळल्याचे फोटो येऊ लागले आणि एनव्हिडियाने त्याचं मुख्य कारण अर्धवट बसलेला कनेक्टर हे सांगितलं. बसवताना 'टिक' होईपर्यंत दाबा, तोंड आणि सॉकेट यांत फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून सुमारे साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. जळका वास आला, पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं किंवा फुगलं, तर ती केबल पुन्हा वापरू नये.

ठिपके, पट्टे, चौकटी

गुलाबी-हिरवे ठिपके, उभ्या रेघा, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी यांना या क्षेत्रात सरसकट आर्टिफॅक्ट म्हणतात. निदानासाठी सगळ्यात जास्त माहिती देणारं लक्षण हेच, म्हणून इथे घाई करू नये.

पहिली चाचणी फुकट आहे. आर्टिफॅक्ट दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून पाहा. स्क्रीनशॉट म्हणजे मेमरीत तयार झालेल्या चित्राची नक्कल. त्यातही ठिपके असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलंय, म्हणजे संशय मेमरी, चिप किंवा ड्रायव्हरवर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र बरोबर तयार झालं आणि वाटेत खराब झालं: केबल, पोर्ट, मॉनिटर किंवा कार्डाचा बाहेर पाठवणारा भाग. तुरळक पांढरे चमकणारे ठिपके आणि मधूनच एक-दोन सेकंद काळी होणारी स्क्रीन ही बहुतेक वेळा कमकुवत केबलची खूण असते. रिफ्रेश रेट १४४ वरून ६० वर आणल्यावर ते थांबले, तर केबल बदला आणि तिथेच थांबा.

दुसरी चाचणी म्हणजे मदरबोर्डाच्या बायोसची स्क्रीन. मशीन चालू करून थेट बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे ड्रायव्हर नसतो, विंडोज नसतं. तिथेही रेघा दिसत असतील, दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावूनही, तर ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. दोष हार्डवेअरचा आहे आणि पहिला संशय मेमरीवर.

मेमरीच्या दोषाचे पट्टे इतके नियमित का असतात, हे कळलं की ओळख पक्की होते. समजा २५६ बिटचं, ८ जीबीचं कार्ड आहे. त्यावर ३२ बिटच्या आठ चिपा असतात, प्रत्येक १ जीबीची. वेग मिळावा म्हणून चित्राचा डेटा सलग एकाच चिपेत न ठेवता पत्ते वाटल्यासारखा आठही चिपांत वाटतात. त्यातली एक चिप किंवा तिची एक डेटा लाइन बिघडली, तर ठरावीक अंतरावरचा तुकडाच चुकतो आणि स्क्रीनवर समान अंतरावरच्या चौकटी उमटतात. याउलट गेममधले त्रिकोण ताणून स्क्रीनभर सुळके निघत असतील, पण डेस्कटॉप स्वच्छ असेल, तर मुख्य चिपेची गणितं चुकत असण्याची शक्यता जास्त. असा प्रकार ओव्हरक्लॉक केलेल्या (वेग वाढवून चालवलेल्या) कार्डात आणि क्वचित गेमच्या स्वतःच्या दोषामुळेही होतो. म्हणून तीन वेगवेगळ्या गेममध्ये पाहिल्याशिवाय कार्डावर ठपका ठेवू नये.

मेमरी तपासायला विंडोजमध्ये ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी आहे, आणि विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालणारं मेमटेस्ट व्हल्कन हे मोफत साधन आहे. मेमरीचा ८०-९० टक्के भाग चाचणीखाली येईल असं पाहा आणि निदान वीस मिनिटं चालू द्या, कारण काही चिपा गरम झाल्यावरच चुकतात. इथे थोड्याफार चुकांना मुभा नाही. मूळ वेगावर एक चूक आली तरी निकाल 'नापास'.

चूक आली की आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या साधनात मेमरीचा वेग ५०० मेगाहर्ट्‌झने उतरवून तीच चाचणी पुन्हा लावा. चुका थांबल्या तर मेमरी, तिची वीज किंवा तिचं सोल्डर काठावर आलं आहे. मेमरीला हात न लावता मुख्य चिपेचा वेग १०० मेगाहर्ट्‌झने कमी केल्यावर गेम बंद पडायचे थांबले, तर कारखान्यातून वाढवून दिलेला वेग आता चिपेला झेपत नाहीये. वेग उतरवून कार्ड वर्षभर चालवता येतं, पण वॉरंटी शिल्लक असेल तर ते बदलून घेणंच बरं. नवं कार्डही याला अपवाद नाही. २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० टीआयच्या सुरुवातीच्या काही कार्डांवर पहिल्याच दिवसांत आर्टिफॅक्ट दिसले होते, आणि काही सदोष बोर्ड चाचणीतून निसटल्याचं एनव्हिडियाने मान्य केलं होतं.

ड्रायव्हर चढला की अडतं

सेफ मोड नीट चालतो, ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी किंवा निळी होते, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३ दिसतो. इथे दोष ड्रायव्हरचा की कार्डाचा हे वेगळं काढावं लागतं. इंटरनेट बंद करा, नाहीतर तुम्ही जुना ड्रायव्हर काढेपर्यंत विंडोज स्वतःहून दुसरा टाकून मोकळं होईल. सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या साधनाने ड्रायव्हर मुळापासून काढा, मग कार्डाच्या वयाला शोभेल असा जुना, नावाजलेला ड्रायव्हर टाका. तरीही तेच झालं तर पेनड्राइव्हवर उबुंटू घेऊन त्यावरून मशीन चालू करा. पूर्णपणे वेगळी सिस्टिम, वेगळा ड्रायव्हर, आणि तरी कार्ड त्याच ठिकाणी अडतंय, म्हणजे प्रश्न सॉफ्टवेअरचा उरला नाही.

एक अपवाद आहे. मायनिंगसाठी (क्रिप्टो नाणी मिळवण्यासाठी) वापरलेल्या आरएक्स ५७०, ५८० सारख्या कार्डांची बायोस मेमरीच्या वेळा बदलून पुन्हा लिहिलेली असते. एएमडीचा नेहमीचा ड्रायव्हर ती सही न जुळलेली बायोस नाकारतो आणि कोड ४३ देतो. काही कार्डांच्या वरच्या कडेला दोन बायोसमध्ये निवड करणारा बारीक खटका असतो. मशीन बंद करून तो सरकवा. दुसरी बायोस मूळची असेल तर कार्ड लगेच चालू होतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदीही वाचाव्यात. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहतं. त्याची नोंद 'डिस्प्ले' या नावाखाली ४१०१ क्रमांकाने होते. तेही जमलं नाही तर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' ही निळी स्क्रीन येते. 'व्हीया-लॉगर'च्या १७ क्रमांकाच्या ढीगभर नोंदी दिसल्या तर कार्ड आणि स्लॉट यांच्या जोडणीत चुका होत आहेत: रायझर, घाण झालेला स्लॉट, किंवा जेन ४-५ चा वेग न झेपणारा बोर्ड. 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीचा बाऊ करू नका. मशीन अचानक बंद झालं एवढंच ती सांगते. लिनक्सवर 'एक्सआयडी ७९' अशी नोंद आली तर एनव्हिडियाचं कार्ड चालता चालता सिस्टिमला दिसेनासं झालंय. त्यामागे बहुधा वीज किंवा जोडणी असते.

गेममध्येच बंद पडतं

इथे मशीन नेमकं कसं बंद पडतं ते नीट पाहा. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, स्क्रीन काळी होऊन कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात, की पूर्ण मशीनच खटकन बंद होतं?

पूर्ण मशीन बंद होत असेल तर कार्ड हा शेवटचा संशयित. आपल्याकडे पहिला संशय यूपीएसवर घ्यावा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. २०० वॅटचं कार्ड, १२५ वॅटचा प्रोसेसर, बाकीचे भाग आणि मॉनिटर मिळून तो आकडा सहज ओलांडतो. वीज क्षणभर खाली आली, यूपीएस बॅटरीवर गेला, की लोड न पेलल्यामुळे मशीन बंद. अर्धा तास थेट भिंतीच्या सॉकेटवरून चालवून पाहा. तरीही बंद पडलं तर एसएमपीएस. मोठी कार्डं काही मिलिसेकंदांसाठी आपल्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास वीज ओढतात आणि जुन्या किंवा हलक्या एसएमपीएसचं संरक्षण तेवढ्यावर तुटतं. मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नसेल, तर ती याचीच खूण. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर वीज अपुरी पडतेय.

काळी स्क्रीन आणि घोंघावणारे पंखे म्हणजे चिप मधेच गप्प झाली आणि पंख्यांना हुकूम देणारं कुणी उरलं नाही. हे कनेक्टर ढिला असल्याने होतं, किंवा कार्डावरच्या वीज बदलणाऱ्या सर्किटमुळे. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापं दाखवणाऱ्या साधनात बऱ्याच कार्डांचं स्लॉटचं १२ व्होल्ट आणि प्रत्येक कनेक्टरचं १२ व्होल्ट वेगळं दिसतं. नियमानुसार ते ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवं. लोडवर सगळेच आकडे एकदम उतरले तर एसएमपीएस. एकाच कनेक्टरचा आकडा ११.५ वर आला आणि बाकीचे १२ वर राहिले, तर ती एक केबल किंवा तिचा कनेक्टर.

तापमान पाहताना तीन आकडे वेगळे वाचावेत: चिपेचं सरासरी, चिपेवरच्या सर्वांत गरम जागेचं म्हणजे हॉटस्पॉट, आणि मेमरीचं. लोडवर सरासरी ६५ ते ८५ अंश चालतं. हॉटस्पॉट त्याहून १० ते २० अंशांनी जास्त असतो. हे अंतर २५-३० च्या पुढे गेलं तर चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांमधली पेस्ट कडेला सरकली आहे किंवा हीटसिंक तिरका बसलाय. जीडीडीआर ६ एक्स मेमरी ११० अंशांवर स्वतःचा वेग कमी करते, आणि गेम अडखळण्याचं कारण अनेकदा तिथे असतं.

आकडा वाचताना खोलीचं तापमानही लिहून ठेवा. पंख्यांचा वेग तोच असेल तर खोली जितके अंश तापते तितकंच जवळपास कार्डही तापतं. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ वर जाणारच. तो बिघाड नाही. खोली आणि कार्ड यांतला फरक वाढत असेल तर मात्र धूळ, पंखा किंवा पेस्ट तपासा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. कमी तापमानात पंखे पूर्ण थांबणं हा बिघाड नव्हे. साधारण ५०-६० अंशांखाली न फिरण्याची सोय बहुतेक कार्डांत असते.

पेस्ट ठीक आणि हीटसिंक सरळ बसलेला असूनही चिप तापल्याचं उदाहरण डिसेंबर २०२२ चं. एएमडीच्या मूळ बनावटीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सची काही कार्डं लगेच ११० अंश हॉटस्पॉटला पोहोचत होती. कार्ड आडवं की उभं ठेवलंय यावर आकडा बदलतो, हे तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं. कूलरच्या व्हेपर चेंबरमध्ये (उष्णता वाहून नेणाऱ्या बंद पोकळीत) द्रव कमी भरला गेला होता, आणि जानेवारीत एएमडीने ते कबूल करून कार्डं बदलून दिली. दिशा बदलून पाहण्याची ही चाचणी घरी कुणालाही जमते: कॅबिनेट हळूच आडवं करा आणि दहा मिनिटं आकडे पाहा.

मल्टिमीटर असेल तर

दुसऱ्याच्या चालू मशीनमध्ये कार्ड लावून पाहणं ही सर्वोत्तम चाचणी खरी, पण त्याआधी दोन मिनिटं मल्टिमीटरने मोजा. शॉर्ट असलेलं कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावणं धोक्याचं आहे.

कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवा, काहीही जोडलेलं नको. मल्टिमीटर ओहमवर. काळी तार मागच्या लोखंडी ब्रॅकेटवर, लाल तार आठ-पिन कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिनेवर. जी पिन ब्रॅकेटशी थेट 'बीप' देते ती जमीन, उरलेल्यांत तीन पिना १२ व्होल्टच्या. तिथे शेकडो किंवा हजारो ओहम दिसले पाहिजेत. शून्याच्या आसपास आकडा आला तर बहुधा मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा भाग) फुटलाय. असं कार्ड लावलं की एसएमपीएस चालूच होत नाही किंवा टचकन चालू होऊन बंद पडतो. स्लॉटकडचं १२ व्होल्ट चिपेच्या बाजूला ब्रॅकेटकडून पहिल्या तीन सोनेरी पट्ट्यांवर मिळतं. ३.३ व्होल्ट दुसऱ्या बाजूला नवव्या आणि दहाव्या पट्टीवर.

इथे नवशिके एका जागी हमखास चुकतात. मुख्य चिपेच्या कॉइलवर मोजलं की मोठ्या कार्डात १ ओहमहूनही कमी येतं. तो शॉर्ट नसतो. एवढ्या मोठ्या चिपेचा नैसर्गिक रोधच तेवढा असतो. तुलनेसाठी त्याच मॉडेलच्या चांगल्या कार्डाचा आकडा हवा. तसंच १२ व्होल्टच्या वाटेवरचा बारीक फ्यूज उडाला असेल तर त्यावर तार टाकून जोडू नका. तो का उडाला हे शोधलं नाही तर पुढच्या वेळी बोर्डच जळेल.

आपल्याकडे पोर्ट जळण्याचं एक वेगळं कारण आहे: अर्थिंग. सॉकेटला अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं. हाताला झिणझिण्या येतात त्या यामुळेच. अशा मशीनला चालू टीव्हीची एचडीएमआय केबल लावली की तो फरक पोर्टाच्या बारीक पिनांतून निघून जातो आणि फक्त तेवढं पोर्ट मरतं. एक पोर्ट बंद, बाकीची चालू असं दिसलं तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

ओव्हनमध्ये भाजण्याबद्दल

मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवलं की जिवंत होतं, असा सल्ला आजही मिळतो. त्याचं मूळ २००७-०८ च्या काळात आहे. एनव्हिडियाच्या त्या वेळच्या काही चिपांत सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी जोडणारे सूक्ष्म थेंब गरम-थंड होऊन तडकत होते. जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तापवल्याने तडा गेलेले थेंब पुन्हा टेकायचे आणि कार्ड काही दिवस चालायचं. लोकांना वाटलं की बोर्डाचं सोल्डर वितळून नीट बसलं. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांना वितळू लागतं, आणि ओव्हन तर बहुधा २०० च्या आसपास लावतात. म्हणजे सोल्डर वितळतच नव्हतं. आजच्या कार्डात तो मूळ दोष नाही. भाजल्याने कपॅसिटर फुगतात, प्लास्टिक वाकतं, आणि ज्या ओव्हनमध्ये आपण जेवण करतो त्यात सोल्डर फ्लक्सचा धूर बसतो. हे करू नका. मेमरीची चिप बदलायची असेल तर खालून-वरून नियंत्रित उष्णता देणारं रिवर्क स्टेशन असलेला कारागीर गाठा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कारागीर मिळतात. चिप बदलण्याआधी कोणती चिप खराब हे तो चाचणीने दाखवू शकतो का, हे मात्र विचारून घ्या.

जुनं कार्ड घेताना, आणि वॉरंटीत पाठवताना

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग संपलं आणि बाजारात वापरलेली कार्डं मोठ्या प्रमाणात आली. ती सगळी वाईट नसतात, पण पंखे आणि मेमरीचे पॅड थकलेले असतात. घेताना जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं साधन उघडा. नावापुढे 'फेक' असं दिसलं तर जुन्या चिपेवर नवं नाव लिहिलंय. बसची, म्हणजे स्लॉटशी असलेल्या जोडणीची, ओळही वाचा. रिकामं असताना १.१ दिसणं साधं आहे, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून लोड दिला की आकडा वर जायला हवा. लेन १६ ऐवजी ८ दिसल्या तर आधी मॉडेल पाहा: आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० यांना मुळातच ८ लेन आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला ४.

वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू उघडू नका, पेस्ट बदलू नका, बायोस लिहू नका. बिघाड दिसत असतानाचा मोबाइल व्हिडिओ काढा आणि त्यात बायोसची स्क्रीनही घ्या. चिठ्ठीवर 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं तर सर्व्हिस सेंटर डेस्कटॉप दहा मिनिटं चालवून 'दोष आढळला नाही' म्हणत परत पाठवू शकतं. त्याऐवजी लिहा: थंड असताना ठीक, ओसीसीटी व्हीरॅम चाचणीत अठराव्या मिनिटाला चुका, दुसऱ्या मशीनवरही तेच, मेमरीचा वेग ५०० ने उतरवल्यावर चुका बंद. सीरियल नंबरच्या स्टिकरचा, पोर्टांचा आणि सोनेरी पट्ट्यांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर 'पिन वाकलेली होती', 'गंज होता' असा वाद उरत नाही. मग कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मूळ खोक्यात, पंख्यांवर दाब येणार नाही अशा बेताने ठेवा.